हिला हँडल कुठाय?

सायकल घरी आली त्या संध्याकाळी सासूबाईंनी तिच्याभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, चष्मा पदराने पुसला, आणखी अर्धी प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "अगं, हिला हँडल कुठाय?"

प्रश्न रास्त होता. पुढच्या बाजूला दोन शिंगं निघालेली, त्यांच्या बुडाशी दोन इवल्याशा गाद्या, आणि खाली पंख्याच्या पात्यासारखा चपटा आडवा दांडा. हात ठेवायला जागा चार, पण हँडल म्हणावं असं काही नाही.

"आई, हे सगळं मिळूनच हँडल आहे. याला कॉकपिट म्हणतात."

"बरं. घंटी?"

"नसते याला."

"दिवा?"

"नाही."

"स्टँड? कॅरिअर? मडगार्ड?"

मी सायकल भिंतीला टेकवली, कारण स्टँड नसल्यामुळे तिला सोडून देता येत नव्हतं. सासूबाई खुर्चीत बसल्या. "मग एवढे पैसे कशाचे घेतले त्यांनी?"

गोष्ट 2019 च्या उन्हाळ्यातली. त्या वर्षी 20 ऑक्टोबरला गोव्यात पहिल्यांदाच आयर्नमॅन 70.3 ही शर्यत होणार होती. हा आकडा ऐकून आमच्या दवाखान्यातल्या मावशींना ते एफएमचं स्टेशन वाटलं. खरं तर ती तीन अंतरांची मैलांतली बेरीज: 1.9 किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग 90 किलोमीटर सायकल आणि वर 21.1 किलोमीटर पळायचं. रोज सात तास दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या दंतवैद्य बाईला हे कुठून सुचलं ते सांगत बसत नाही. सुचलं.

साधी रोड बाइक होती माझ्याकडे. तिच्यावरही शर्यत करता आली असती. 1978 मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन झाली, ती तर याच्या दुप्पट अंतराची. पंधरा जणांनी सुरुवात केली, बारा जण शेवटपर्यंत पोचले, सगळे हाताशी होत्या त्या सायकलींवर. दुसरा आलेल्या गड्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. कॉकपिट हा शब्द तेव्हा फक्त वैमानिकांचा होता. हे सगळं मला माहीत होतं. तरीही मी ट्रायथलॉनची सायकल घेतली, कारण ज्याला छंद लागतो त्याला आधी सामान लागतं. पेटी शिकायची ठरवलं की सुरांच्या आधी खोळ शिवून घेणाऱ्या घराण्यातली मी.

आठवीत असताना मला लाल लेडीज सायकल मिळाली होती. ती दुकानातून आली तेव्हा तीही अशीच बोडकी होती, आणि मग तिचा साजशृंगार सुरू झाला. पुढे वेताची बास्केट. सीटला झालरीचं कव्हर. चाकांच्या आऱ्यांमध्ये रंगीत मणी, जे हळू चालवलं की टकटक वाजायचे. हबवर कुंच्यासारखी गोल ब्रश-फुलं, मुठींना प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या, मागच्या मडगार्डवर लाल काच, आणि पितळी घंटी, ट्रिंग ट्रिंगवाली. या खटाटोपाचा उद्देश एकच: आपण येतोय हे आख्ख्या पेठेला कळलं पाहिजे.

आता तेहतीस वर्षांनी मी दुप्पट हौसेने उलटा उद्योग मांडला होता. आपण येतोय हे वाऱ्यालासुद्धा कळता कामा नये.

वाऱ्याचं गणित सावकारी आहे. वेग दुप्पट केलात की त्याचा अडसर चौपट होतो, आणि तो अडसर तोडायला लागणारी ताकद आठपट. त्यातही वाऱ्यात आडवी येते ती सायकल कमीच. तीन चतुर्थांशाच्या आसपास वाटा आपल्या अंगाचा. तेव्हा सायकलवरची नळी कितीही चपटी करा, वर बसलेली बाई कपाटासारखी ताठ असेल तर पैसे पाण्यात, नव्हे वाऱ्यात.

यावरचा उपाय बर्फावरून आला. बून लेनन नावाचा एक स्कीइंगचा प्रशिक्षक होता. उतारावरून घसरताना स्कीवाले हात पुढे जुळवतात आणि अंग मिटून अंड्यासारखे होतात. सायकलवर हेच का नको, असं म्हणून त्याने हँडलवर कोपरं टेकायला गाद्या आणि पुढे धरायला नळ्या बसवल्या. ट्रायथलॉनवाल्यांनी त्या लगेच उचलल्या. ही मंडळी मुळातच रीतभात न मानणारी. रस्त्यावरचे खानदानी सायकलपटू मात्र नाकं मुरडत राहिले. मग 1989 ची टूर द फ्रान्स आली. शेवटचा टप्पा व्हर्साय ते पॅरिस, साडेचोवीस किलोमीटर, एकेकट्याने घड्याळाशी झुंजायचं. फ्रान्सचा लॉरां फिन्यों पन्नास सेकंदांनी पुढे. मागे असलेल्या अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने शिंगं लावली आणि निमुळतं हेल्मेट चढवलं. फिन्यों बोडक्या डोक्याने निघाला, सोनेरी पोनीटेल वाऱ्यावर सोडून. तीन आठवडे आणि तीन हजारांहून जास्त किलोमीटर चाललेली ती शर्यत लेमाँडने आठ सेकंदांनी जिंकली.

आठ सेकंद. मी "आ करा" म्हटल्यावर आमचे काही पेशंट तोंड उघडायला एवढा वेळ घेतात.

तर ही शिंगं माझ्या सायकलला आयतीच होती. पण ती कुणाच्या मापाची? कंपनीने फ्रेम सर्वांत लहान मापाची दिली होती, कारण मी पाच फूट दोन इंच. बाकीचं सामान बहुधा एखाद्या उंच, रुंद खांद्याच्या, लवचीक पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून बसवलेलं. छोट्या मापाचा कुर्ता घ्यावा आणि बाह्या थोरल्या भावाच्या निघाव्यात, तसा प्रकार. कोपरांच्या गाद्या एकमेकींपासून इतक्या लांब, की त्यावर हात टेकले की मी सूर्यनमस्कारातल्या अष्टांगासनात अडकल्यासारखी वाटायची.

म्हणून फिटरकडे गेले. हा तिशीतला शांत मुलगा. सायकल ट्रेनरवर चढवतो, तुम्हाला तिच्यावर चढवतो, बाजूने व्हिडिओ घेतो आणि गुडघ्याला, कमरेला, खांद्याला ठिपके चिकटवून कोन मोजतो. पहिला व्हिडिओ बघेपर्यंत माझी समजूत होती की मी बाणासारखी दिसत असेन. पडद्यावर एक बाई मोरीत हंडा घासत होती.

"डॉक्टर, मान खाली घालायची नाही, खांदे कानांपासून लांब," तो म्हणाला. "तुम्ही दातांत बघताय असं वाटतंय."

चोवीस वर्षांची सवय. म्हणजे वाकायचा सराव होता, पण चुकीच्या ठिकाणी.

मग सुरू झाले मिलिमीटरचे दिवस. गाद्या आतल्या भोकांवर घेतल्या. त्यांच्याखाली पाच मिलिमीटरची एक चकती, म्हणजे स्पेसर, घातली. "आता कसं वाटतंय?" मी दहा मिनिटं पेडल मारलं. "बरंय, पण डावीकडे जरासं..." "जरासं म्हणजे?" "म्हणजे टोचत नाही, पण आहे असं कळतंय." त्याने एक चकती काढली. "आता?" "आता उजवं उंच वाटतंय."

बोलता बोलता एकदम थांबले. हे संवाद मला पाठ होते, फक्त बाजू बदलली होती. दाताला कॅप बसवली की मी निळा कागद चावायला देते, जिथे ठसा गडद उमटतो तिथे घासते आणि विचारते, "आता कसं वाटतंय?" पेशंट म्हणतो, "थोडं उंच." घासते. "आता?" "आता ठीक, पण आहे असं कळतंय." दातांना केसाहून पातळ वस्तूसुद्धा कळते, हे पाठ्यपुस्तकात शिकूनही चौथ्या वेळेस माझा धीर सुटायचा आणि मी म्हणायचे, "दोन दिवसांत सवय होईल." इतक्या वर्षांत मी हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल, त्याचा हिशेब नाही.

फिटरने हात पुसले, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "चालवून बघा, डॉक्टर. दोन दिवसांत सवय होईल."

मी दुसऱ्याच दिवशी परत गेले.

त्याच्या हातात टॉर्क रेंच बघून मात्र मला एकदम माहेरी आल्यासारखं झालं. इम्प्लांटचा स्क्रू कसताना आम्हीही असाच पाना वापरतो. बहुतेक वेळा पस्तीस न्यूटन-सेंटीमीटरला थांबायचं. त्याच्या पान्यावर पाच लिहिलेलं बघून मी म्हटलं, "एवढंच?" तो म्हणाला, "न्यूटन-मीटर, डॉक्टर." म्हणजे माझ्या भाषेत पाचशे. त्याच्या मोजमापाने मी जबडाच मोडला असता आणि माझ्या मोजमापाने त्याचे स्क्रू रस्त्यात गळून पडले असते. पण कार्बनची नळीही हाडासारखीच: जास्त आवळली की आतल्या आत तडकते, आणि वरून काही दिसत नाही. म्हणून सांध्यावर वाळूसारखी बारीक खर असलेली एक पेस्ट लावतात, की कमी आवळूनही पकड घसरू नये. ती बोटांवर घेऊन पाहिली. पॉलिशिंगला वापरतो ती प्युमिसची पेस्ट आठवली. फक्त पुदिन्याचा वास नव्हता.

पुढचा बळी क्रँक. आलेला क्रँक 170 मिलिमीटरचा होता. माझ्या मांड्यांची लांबी बघता तो म्हणजे विहिरीच्या रहाटाचा दांडा. पेडल वर आलं की गुडघा थेट पोटाला भेटायला यायचा, आणि माझं पोट त्या भेटीला नाही म्हणणारं नव्हतं. 160 चा क्रँक लावला. आता यातली गंमत बघा. क्रँक दहाने आखूड झाला, म्हणजे खाली पाय पोचायला सीट दहाने वर घ्यावी लागते. वरच्या टोकाला मात्र दोन्हींची बेरीज होते, आणि गुडघ्याला वीस मिलिमीटर मोकळी जागा मिळते. दहा देऊन वीस घ्या, अशी योजना एरवी फक्त चिटफंडवालेच सांगतात.

सीटबद्दल थोडक्यात सांगते, कारण ललित निबंधाला मर्यादा असतात. शिंगांवर वाकलं की कंबर पुढे फिरते, आणि नेहमी ज्या दोन हाडांवर आपण बसतो ती हाडं हवेत राहतात. भार येतो तो पुढच्या नाजूक भागावर. त्यासाठी पुढून दुभंगलेल्या, नाक नसलेल्या सीट मिळतात. मी तीन बदलल्या. बिचाऱ्या फिन्योंला त्या शेवटच्या दिवशी बसायच्या जागी गळू झालं होतं. पोनीटेलला सगळे नावं ठेवतात, गळवाबद्दल कुणी बोलत नाही. तिसऱ्या सीटनंतर मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटू लागली.

या सगळ्यात घरात एक वेगळीच निर्मिती चालू होती. काढलेला क्रँक, काढलेल्या दोन सीट, रुंद गाद्या, जुना स्टेम, लांब शिंगं, पहिल्या रंगाची टेप. हे सगळं मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिवाणाखाली सरकवत होते. एका रविवारी नवऱ्याने दिवाणाखालचा तो ऐवज बाहेर काढून ओळीने मांडला आणि शांतपणे म्हणाला, "आणखी एक फ्रेम घेतलीस की दुसरी सायकल तयार होईल. ती मला दे."

शिंगांची टोकं हा माझा शेवटचा हट्ट. तिथे गिअरची बटणं असतात आणि तिथेच तळहात विसावतात. आलेल्या नळ्या गुळगुळीत, गोल, जाड. माझी पकड छोटी, त्यात दिवसभर हत्यारं धरून अंगठ्याच्या मुळाशी दुखरी. नामांकित खेळाडूंच्या हाताचं आणि कोपराचं माप घेऊन हल्ली खास नळ्या छापून देतात. त्यांच्या किमती वाचूनच माझा अंगठा दुखायला लागला. आणि मग एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, समोरच्या ट्रेमध्ये उत्तर पडलेलं दिसलं.

दातांचं माप घ्यायची सिलिकॉनची पुट्टी. दोन डब्यांतल्या दोन रंगांच्या लगद्या सारख्या घ्यायच्या आणि कणकेसारख्या मळायच्या, रंगाची एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत. एक अट: लॅटेक्सचे हातमोजे चालत नाहीत. त्यांतल्या गंधकाने पुट्टी बिथरते, नीट घट्ट होतच नाही. म्हणून हात स्वच्छ धुऊन नुसत्या बोटांनी मळायची, आणि झटपट, कारण मिनिटा-दीड मिनिटात ती हट्टी होऊ लागते. सायकल दवाखान्यात आणली होती, खुर्चीशेजारी उभी. नळीवर लगदी चढवली, शिंगांवर वाकले, शर्यतीत धरीन तशी मूठ धरली आणि डोळे मिटून थांबले. मावशी दाराशी उभ्या. "मॅडम, बाहेर साडेतीनच्या पेशंट आल्यात. काय सांगू?" मी म्हटलं, "सांगा, मॅडम माप देतायत."

चार मिनिटांनी हात काढला. माझी मूठ तिथे राहिली होती: चारी बोटांच्या खाचा, अंगठ्याच्या मुळाचा खळगा, लग्नाच्या अंगठीचा पुसट वळ. कडा साफ केल्या, वरून पातळ टेप गुंडाळली. आजतागायत मी घेतलेलं ते सर्वांत अचूक माप असेल, आणि त्या जबड्याला दात नव्हते.

फिटरला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ऑब्री." ग्रॅम ऑब्री हा स्कॉटलंडचा गडी. त्याने आपली सायकल स्वतः जोडली, आणि तिच्यात धुण्याच्या मशीनचे बेअरिंग बसवले. हात छातीखाली दुमडून, पक्षी पंख मिटतो तसा तो बसायचा. नॉर्वेत हामार इथे एका तासात सर्वांत जास्त अंतर कापायचा विक्रम मोडायला गेला. पहिल्या दिवशी दुसरी, जास्त देखणी सायकल घेतली आणि हरला. दुसऱ्याच सकाळी, 17 जुलै 1993 ला, आपली जुनी घेऊन आला आणि 51.596 किलोमीटर गेला. रात्रभर पाय आखडू नयेत म्हणून तो भरपूर पाणी पिऊन झोपला होता. लघवीला जाग आली की उठायचं, पाय ताणायचे, पुन्हा पाणी पिऊन झोपायचं. सहा दिवसांत विक्रम दुसऱ्याने मोडला, आणि पुढच्या वर्षी सायकल महासंघाने त्याच्या त्या बसण्यावरच बंदी घातली. पण धुण्याचं मशीन इतिहासात गेलं ते गेलंच. पुट्टी जाईल असं मी म्हणत नाही.

आता खरी अडचण. शिंगांवर वाकलेलं असताना गिअर बोटांशी असतात, पण ब्रेक नसतो. ब्रेक खालच्या चपट्या दांड्याच्या टोकांना, म्हणजे आडवा हात टाकून पोचायचं. ज्यांनी ही रचना केली ते कधी कात्रजकडे आले नसावेत. त्यांच्या जगात रस्ता रिकामा असतो आणि समोरून येणारा समोरच्याच बाजूने येतो. आपल्याकडे गतिरोधकाला रंग नसतो, म्हशीला लेन नसते, आणि दुचाकीवरचा काका उलट्या बाजूने येत असूनही आपल्याकडेच रागाने बघतो. म्हणून मी पहाटे पाचला निघायचे. देहूरोड ओलांडून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागलं की तळेगाव, वडगाव, कामशेत असा पट्टा मिळतो, तिथे जरा वाकता येतं. तिथेच एकदा ट्रक शेजारून गेला आणि पुढचं खोल रिमचं चाक शिडासारखं फुगून मला मातीच्या पट्टीवर घेऊन गेलं. हात नाकासमोर जुळलेले असले की हँडलला तरफ राहत नाही, आणि माझं वजन त्या चाकाच्या दृष्टीने चिल्लर. पुढचं चाक उथळ केलं. तेही दिवाणाखाली.

पण शेळ्यांचं काय करायचं? कामशेतच्या अलीकडे रोज एक कळप आडवा यायचा. परदेशात म्हणे मागून येणारा "ऑन युअर लेफ्ट" असं ओरडतो. मी एकदा ओरडून पाहिलं. शेळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या रवंथ करत उभ्या राहिल्या. मग "हुर्र" केलं. त्या जराशा सरकल्या, शेळीवाला मात्र दुखावला. "घंटी न्हाय व्हय ताई, एवढ्या भारी सायकलीला?"

त्या रविवारी माळ्यावर चढले. लाल लेडीज सायकल केव्हाच भंगारात गेली होती, पण जाता जाता तिची घंटी मी काढून ठेवली होती. का, ते मलाही सांगता येणार नाही. झाकणावर हिरवट गंज, आतलं चाक घट्ट. चिंच लावून घासली, शिलाई मशीनचं तेल सोडलं. ट्रिंग. खालून सासूबाई म्हणाल्या, "दूधवाला आला का गं?"

आता ती बसवायची कुठे? चपट्या दांड्यावर कुठलाच क्लँप बसत नव्हता. सहज म्हणून शिंगाला लावून पाहिली, आणि ती बसली. चकती नको, पॅकिंग नको, टेपचा तुकडासुद्धा नको. व्हर्नियर आणून मोजलं: 22.2 मिलिमीटर. आठवीतल्या त्या हँडलची नळी तेवढीच होती. चार महिने या सायकलच्या प्रत्येक भागाशी मी मापावरून भांडले, आणि पहिल्या झटक्यात काही बसलं असेल तर माळ्यावरची घंटी. शिवाय वाकल्या अवस्थेत अंगठ्याखालीच येते. ब्रेक जिथे पोचत नाही तिथे निदान आवाज पोचतो.

फिटरने ती पाहिली. सायकलच्या पुढे उभा राहून, मग बाजूने, मग खाली वाकून. "डॉक्टर, तीन महिने आपण मिलिमीटर मिलिमीटर करून वारा वाचवला," तो म्हणाला.

"शेळ्या वाचवायच्यात."

"शर्यतीच्या दिवशी काढाल ना?"

"बघू."

"माझं नाव सांगू नका कुणाला."

खंडेनवमी त्या वर्षी 7 ऑक्टोबरला आली, गोव्याच्या तेरा दिवस आधी. दवाखान्यात खुर्चीची, ड्रिलची आणि एक्स-रे मशीनची पूजा करून संध्याकाळी घरी आले, तर सासूबाईंनी सायकल हॉलच्या मधोमध घेतलेली. पाट नसल्यामुळे, म्हणजे पाटावर उभी राहत नसल्यामुळे, सोफ्याला टेकवलेली. भोवती रांगोळी. कोपरांच्या गाद्यांवर हळदकुंकू. मधल्या पाण्याच्या बाटलीवर स्वस्तिक. गेले दहा दिवस मी ज्या साखळीला धुळीचा कण लागू दिला नव्हता तिच्यावर अक्षता.

"हार कुठे घालू?" त्यांनी विचारलं. "हँडल तर नाहीये."

"शिंगांना घाला, आई."

झेंडूचा दुपदरी हार त्यांनी दोन्ही शिंगांना अडकवला. तो पुढच्या चाकापर्यंत लोंबत होता. लेक मोबाइलवर फोटो काढत म्हणाली, "आई, आता तुझा स्पीड किती कमी होईल गं?" सासूबाईंनी तिच्याकडे दुर्लक्ष करून घंटी वाजवली. एकदा, मग परत एकदा. "आमच्या वेळी दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा," त्या म्हणाल्या, "पण घंटी असली की जरा बघून घ्यायचा." आणि तिसऱ्यांदा वाजवली. मग निरांजन ओवाळलं. मी मनातल्या मनात कार्बनला किती उष्णता चालते ते आठवत उभी.

दसऱ्याच्या पहाटे हार काढून देव्हाऱ्याजवळ ठेवला, अक्षता झटकल्या आणि निघाले. सीमोल्लंघन करायचंच तर वडगावपर्यंत. तिथे 1779 मध्ये मराठ्यांनी इंग्रजांची फौज कोंडून तहावर सही करायला लावली होती, त्यामुळे दसऱ्याला ते गाव शोभतं. रस्ता मोकळा. अंधार निवळला तसं दिसलं, की बाटली आणि डाव्या गादीच्या फटीत एक झेंडू अडकून राहिलाय. चांगला टपोरा, नाकापासून वीतभर अंतरावर. काढायचा तर एक हात सुटणार, खांदा उघडणार, वारा आत शिरणार. घड्याळात ताशी बत्तीस दिसत होते. इतके माझ्या नावावर कधी लागले नव्हते. राहू दिला.

तळेगाव सोडल्यावर पुढे एक साधी काळी सायकल दिसली. कॅरिअरवर दोन्ही बाजूंनी झेंडूच्या पाट्या बांधलेल्या, त्यांवर आपट्याच्या फांद्या, आणि मध्ये कुठेतरी चालवणारा. बाजार गाठायच्या घाईत होता. मी अंगठा दाबला. ट्रिंग ट्रिंग. त्याने मागे न बघता सायकल डावीकडे घेतली आणि तशीच, सवयीने, आपलीही घंटी वाजवली. मी शेजारून निघाले तेव्हा त्याने पाहिलं. शिंगं पाहिली असतील, हेल्मेट पाहिलं असेल, ठाऊक नाही. मागून ओरडला तो एवढंच:

"ताई, फूल पडंल तुमचं!"

मी हात उचलला नाही.